आत्येच्या कोनफळांची बावीस डोकी

जानेवारीतला दुसरा मंगळवार, सकाळी साडेनऊ. ठिकाण: वाडीतल्या बंद शाळेची पडवी. हजर: मी, माझी मोठी जाऊ, आत्या, म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, पंच्याहत्तरीच्या पुढची, वाडीतच दिलेली, आणि बिरवाडीच्या केमिकल कंपनीतून टेम्पोत प्लॅस्टिकचे क्रेट घेऊन आलेला माझा धाकटा दीर. गैरहजर: कुलपं लावून मुंबईला असलेली तीन घरं. त्यांची कोनफळं मात्र हजर.

त्या दिवसाची नोंद माझ्या वहीत अशी आहे. खाली कामांची यादी आहे आणि प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण आहे. आता ते पान उघडलं की मला त्या खुणांचाच राग येतो.

आमची वाडी पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे. नऊ घरं. प्रत्येकाच्या बांधावर आंब्या-फणसाच्या बुंध्याशी कोनफळाचा वेल असतोच. पावसात तो झाडावर चढतो, दिवाळीनंतर वाळतो, आणि पौषात जमीन खणून कंद काढायचा. कंदाचा वेलाकडचा तुकडा खायचा नाही. त्याला आम्ही डोकं म्हणतो. ते कापून वेगळं करायचं, कापलेल्या तोंडाला राख चोळायची आणि पुढच्या लावणीसाठी जपून ठेवायचं. उरलेलं अंग शिजवा, भाजा, नाहीतर पोलादपूरच्या बाजारात नेऊन विका. डोकं गेलं तर पुढच्या वर्षी कोनफळ नाही.

पूर्वी ही डोकी चुलीवरच्या माळ्यावर राहायची. खालून थोडा धूर, थोडी ऊब, आणि वर अंधार. जानेवारीत चढवलेली डोकी मे महिन्यात जशीच्या तशी उतरायची. मग घरं स्लॅबची झाली, घरात गॅस आला. चुली राहिल्या त्या अंघोळीच्या पाण्यापुरत्या, मागच्या अंगणात, उघड्यावर. त्यांच्यावर माळा कुठून असणार? एक वर्ष आम्ही डोकी गोणीत घालून खाटेखाली सारली, ती उंदरांनी खाल्ली. पुढच्या वर्षी पत्र्याच्या डब्यात ठेवली, ती घामेजून गेली. तेव्हा बचत गटाच्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हटलं, शाळा बंद पडली आहे, खोली कोरडी आहे, खिडक्यांना जाळी आहे. सगळ्यांची डोकी तिथे एकत्र ठेवू. नोंद मी ठेवते.

आठ घरं लगेच कबूल झाली. आत्या झाली नाही. तिचं घर वाडीतलं एकच, जिथे अजून आत चूल पेटते. शिवाय तिचं कोनफळ वेगळं. बाकीच्यांचं पांढरं, ते गेलं तर बाजारातून आणता येतं. तिचं आतून गडद जांभळं, जांभळाच्या रसासारखं. बाजारातही जांभळं मिळतं, पण ते शिजवलं की फिकं पडतं. आत्याचं शिजवल्यावर आणखी गडद होतं. वेलाला ते कमी धरतं, म्हणून एकेका घराने ते सोडून दिलं. तिने सोडलं नाही. नवरा गेला, मुलगी मुंबईला दिली, भात लावणं बंद झालं, तरी दर वर्षी बांधावर बावीस खड्डे ती स्वतःच्या हाताने खणायची.

तिला माझ्याकडे यावं लागलं ते डोळ्यांमुळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक डोळा जानेवारीत, दुसरा महिन्या-दीड महिन्याने, आणि पुढे धुराजवळ जायचं नाही, असं लेकीने ठरवून टाकलं होतं. म्हणजे निदान उन्हाळ्यापर्यंत तिची चूल पेटणार नव्हती. त्या मंगळवारी ती डोक्यावर टोपली घेऊन शाळेपाशी आली, तेव्हा तिच्या पिशवीत मुंबईला जायची लुगडी भरलेली होती.

टोपलीतली डोकी मातीने माखलेली होती. मी मार्कर पेन काढलं.

"धुवायची नाय," आत्या म्हणाली.

"आत्ये, माती असली तर नंबर कसा टाकू? नऊ घरांची डोकी आहेत. मिसळली तर भांडणं माझ्या दारात येतील."

"नंबर कशाला? ती काय शाळंत जाणार हायत?"

"शाळेतच ठेवताव की गो आत्ये त्यांना," मोठी जाऊ म्हणाली. "हिच्या हाताखाली हायत, परीक्षा पण द्यायला लागंल."

दीर क्रेट उतरवता उतरवता हसला. "पास झाली तर बिरवाडीला पर्मनंट करून घेऊ."

आत्या हसली नाही. तिने टोपली माझ्या पायाशी ठेवली आणि बोट वर केलं. "ऐक गो. धुवायची नाय. आणि एकदा ठेवली की मोजायची नाय, हात लावायचा नाय. पाऊस जवळ आला की मगच उतरवायची."

"का पण?"

"आमची आय मोजायची नाय."

हे काही कारण झालं नाही, असं मला तेव्हा वाटलं. मी वहीत लिहिलं: आत्या, जांभळी, बावीस. दुपारी दिराने तिला टेम्पोतून पोलादपूरच्या स्टँडवर नेऊन सोडलं. टेम्पो वळणाआड गेल्यावर मी घमेल्यात पाणी घेतलं आणि बाकीच्यांसारखी तिचीही बावीस डोकी धुतली.

हे मी लपवत नाही. माझं माहेर तुडीलचं, सावित्रीच्या काठावरचं. तिथे पूर आला की गाळ घरात शिरतो. भांड्यात, ट्रंकेत, धान्याच्या कोठीत, सगळीकडे. लहानपणापासून मला शिकवलेलं एकच: माती म्हणजे घाण, आणि घाण घरात ठेवली की नास. धुवा, पुसा, मग ठेवा. पुराच्या गावातल्या बाईला कोरडी माती कधी दिसलेलीच नसते. डोंगरावरची कोरडी, भुरभुरीत माती कंदाला पांघरुणासारखी असते, हे मला कळायला वेळ लागला.

आणि त्या दिवशी माझं धुणं बरोबर आहे असं मला वाटायला आणखी एक कारण होतं. डोकी कापल्यावर जी अंगं उरली, त्यांचे काप वाळवून त्यांचं पीठ करायचं आमच्या गटाने ठरवलं होतं. उपासाची थालीपीठं, लाडू, खीर यांसाठी ते चालतं. आदल्या वर्षीचं पीठ काळपट झालं होतं आणि कोणी हातात घ्यायला तयार नव्हतं. या वेळी मी एकेक गोष्ट लिहून काढली होती. आधी कंद घासून धुवायचे. लोखंडाच्या विळीला हात लावायचा नाही, तिने काप काळे पडतात. महाडहून आणलेल्या स्टीलच्या सुऱ्या वापरायच्या. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून आधी खोबरेल. काप हवेत राहू द्यायचा नाही, कापला की लगेच कोकमाचं आगळ घातलेल्या पाण्यात. मग वाफ, आणि मगच ऊन. वाफ न देता वाळवले की रंग जातो.

मोठी जाऊ कोपरापर्यंत खोबरेल चोळून बसली होती. "एवढा तेल माझ्या लग्नात पण लावला नव्हता," म्हणाली. पण चौथ्या दिवशी शाळेच्या गच्चीवरून पांढऱ्या धोतरावर वाळलेले काप खाली आणले, तेव्हा तीही ते हातात घेऊन बघू लागली. पांढरे काप पांढरे होते. आत्याने दिलेल्या दोन जांभळ्या अंगांचे काप कोकमामुळे लालसर, चमकदार, दारूच्या दुकानातल्या बाटलीसारखे दिसत होते. दळून आणलेलं पीठ मी चाळलं, डब्यात भरलं, झाकणाला मेण लावलं. बरोबरची खूण, बरोबरची खूण, बरोबरची खूण.

जे खायचं आहे ते धुवावंच लागतं. जे जगवायचं आहे ते धुवायचं नसतं. खाण्याच्या कोनफळावर जे करायचं, तेच मी न विचारता डोक्यांवर केलं.

डोकी खोलीत भिंतीला लावून क्रेटमध्ये रचली. प्रत्येकावर घराचा आणि डोक्याचा नंबर. आत्याचं घर नववं, म्हणून तिची डोकी नऊ-एक ते नऊ-बावीस. दर सोमवारी तपासणी असं मी ठरवलं. तपासणी म्हणजे काय, तर प्रत्येक डोकं उचलायचं, नंबर वाचायचा, अंगठ्याने दाबून बघायचं, टणक असेल तर खूण करायची आणि परत ठेवायचं.

पहिले तीन सोमवार सगळं ठीक. मोठी जाऊ दारात टेकून बघायची. "हजेरी घेतंस काय गो? आज कोन गैरहजर?"

"सगळी हजर आहेत, ताई."

"मंग आता रेशनकार्डावर चढव त्यांना. तांदूळ तरी येईल."

चौथ्या सोमवारी दार उघडलं आणि वास आला. फार नाही. पिकलेल्या फळासारखा, थोडा आंबूस. मी खिडक्या उघडल्या, मग दोन क्रेट बाहेर काढले, मग सगळेच बाहेर काढले. सापडलं ते नऊ-चौदा. वरून चांगलं, पण अंगठा लावला तर आत गेला. आतून रस आला.

पांढऱ्या डोक्यांपैकीही तीन गेली होती. पण माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. मी नऊ-चौदा लांब नेऊन पुरलं, हात राखेने घासले, क्रेट फडक्याने पुसून घेतला, आणि वहीत बावीस खोडून एकवीस लिहिलं. त्याच संध्याकाळी आत्याच्या लेकीचा फोन आला. एका डोळ्याचं छान झालं, म्हणाली, आणि फोन आईकडे दिला.

"कशी हायत गो?"

"बरी आहेत आत्ये."

"बरी हायत ना?"

"हो. बरी आहेत."

एकवीस बरी होती. म्हणजे मी खोटं बोलले नव्हते, असं मी स्वतःला सांगितलं. पण फोन ठेवल्यावर मी लगेच शाळेकडे गेले.

त्यानंतर सोमवार राहिला नाही, मी रोज जाऊ लागले. सकाळी पाणी भरून झालं की एकदा, अंगणवाडीच्या आहाराचं काम आटोपलं की एकदा. प्रत्येक डोकं उचलायचं, हुंगायचं, दाबायचं. माझ्या बोटांना तो आंबूस वास चिकटून बसला आहे असं मला वाटायचं. भाकरी थापताना मी हात नाकाशी नेऊन बघायचे. नवऱ्याने विचारलं, "काय करतेस?" मी म्हटलं, "काही नाही." जेवताना ताटात बटाट्याची भाजी असली तरी मी फोड बोटाने दाबून बघायचे. झोप लागायच्या आधी डोळ्यांपुढे नंबर यायचे: नऊ-तीन कालपेक्षा मऊ लागलं का? की माझाच अंगठा आज जोराने दाबला गेला? मी ठरवायचे, उद्या सगळ्यांना सारखंच दाबायचं. सारखं दाबलं तर तुलना होईल.

पुढच्या दहा दिवसांत आत्याची पाच गेली. मी पुरत गेले आणि वहीत आकडा कमी करत गेले. सोळा. वाडीत कोणाला सांगितलं नाही. प्रत्येक फोनला आत्या विचारायची आणि मी बरी आहेत म्हणायचे.

दीर रविवारी बिरवाडीहून यायचा, त्याला मी शेवटी सांगितलं. तो क्रेटकडे बघत राहिला.

"वहिनी, व्हेंटिलेशनचा प्रॉब्लेम हाय. एक्झॉस्ट फॅन लावू काय?"

"शाळेची वीज तोडली आहे, भावोजी."

"मग राख? आत्या राख लावायची ना? आमच्या कंपनीत बॉयलरची राख बघा, फुल टेम्पो आनतो. फुकटात."

दारातून मोठी जाऊ म्हणाली, "आन रे. कोनफळं पण मरतील, खानारी पण मरतील. एकदाच सुटला सगला."

ती दारात येऊन उभी आहे हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे मी दचकले. ती आत आली. क्रेटमध्ये वाकली, नऊ-सात उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं. मग नऊ-अकरा उचललं. मग एक पांढरं, चार-दोन.

"हे बघितलंस काय?"

"काय?"

"हे काळं. सगल्यांना एकाच जागी."

मी बघितलं. प्रत्येक डोक्यावर, माझ्या अक्षरातल्या नंबरच्या बरोबर खाली, एक डाग होता. काहींवर नुसता गडद, काहींवर थोडा खोलगट, दोहोंवर ओलसर. लांबट गोल. मोठ्या जावेने माझा उजवा हात धरला, अंगठा सरळ केला आणि त्या डागावर ठेवला. अंगठा तंतोतंत बसला.

दीर म्हणाला, "ओ वहिनी."

मी नंबर वाचायला डोकं दर वेळी त्याच बाजूने धरायचे, म्हणून अंगठा दर वेळी त्याच जागी यायचा. धुतल्यामुळे साल आधीच मऊ झालेली. त्यावर आधी आठवड्यातून एकदा आणि नंतर दिवसातून दोनदा मी माझ्या हाताने जखम करत होते, आणि मग त्या जखमेतून ते सडतंय का हे बघायला पुन्हा दाबत होते. आत्याची आई मोजायची नाही. मोजायला उचलावं लागतं, उचलायला धरावं लागतं. कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. बहुधा कोणालाच सांगता आलं नसतं. नुसतं पाळायचं होतं, आणि मला पाळायला आधी कारण हवं होतं.

त्या दिवशी आम्ही तिघांनी सगळी डोकी बाहेर काढली. मी यादी केली नाही, मोठ्या जावेने हुकूम दिले. पडवीच्या सावलीत भाताचा पेंढा पसरला. एकही डोकं दुसऱ्याला टेकणार नाही अशी ती मांडली. डाग जिथवर काळा तिथवर, आणि त्याखाली एक बोटभर चांगलं अंगसुद्धा, सुरीने काढून टाकलं. दर वेळी सुरी उकळत्या पाण्यात बुडवून. अंगणातल्या अंघोळीच्या चुलींतून घरोघरची राख गोळा केली, चाळली, जखमांवर चोळली. चार-पाच दिवस उबदार सावलीत ठेवली की जखमेवर नवी साल धरते, हे मोठ्या जावेला तिच्या माहेरचं आठवत होतं. मग ती डोकी आत नेली, पण क्रेटमध्ये नाही. जमिनीवर पेंढा, त्यावर एकेरी थर, वर कोरडी माती भुरभुरून.

"आता कुलूप लाव," ती म्हणाली.

मी लावलं.

"चावी दे."

"ताई, चावी माझ्याकडे..."

"दे म्हंतंय ना."

मी दिली. वीस दिवस खोली तिच्या ताब्यात होती. त्या वीस दिवसांत मी शाळेच्या वाटेने गेले नाही, लांबून पाणवठ्याच्या वाटेने जायचे. माझ्या वहीत त्या तारखांना काही नाही.

शिमगा होऊन गेला. पांढऱ्यांपैकी बरीच तरली. आत्याच्या सोळांपैकी आणखी सात गेली. उरली नऊ.

आता सांगायलाच हवं होतं. पण दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि लेक म्हणाली, डॉक्टरांनी बजावलंय, रडायचं नाही, डोळ्याला ताण नको. मी तिच्या तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला. पुन्हा तीन दिवसांनी केला आणि पुन्हा ठेवला. मोठी जाऊ म्हणाली, "तिच्या डोल्याला जपतंस का सोताच्या तोंडाला?"

चौथ्या दिवशी दुपारी आत्यानेच फोन केला.

"कोन बोलतंय? तू ना गो?"

"हो आत्ये."

"आता मला दिसतंय सगला. लेकीच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीतली बाई भांडी घासतेय ती पन दिसते." मग म्हणाली, "मोजलंस ना तू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मोजलंस. माहीत होता मला. तुझा हात गप बसनारा नाय. धुतलीस पन?"

"धुतली, आत्ये."

"मी गेल्यावर?"

"तुम्ही गेल्यावर."

तिच्या मागे टीव्हीवर कुठलीतरी मालिका चालू होती, कोणीतरी मोठ्याने रडत होतं. मला वाटलं आत्या रडते आहे की काय, आणि मी घाबरून म्हणाले, "आत्ये, रडू नका, डॉक्टरांनी..."

"मी नाय रडत. ती टीव्हीतली. किती रायली?"

"नऊ."

"नऊ." तिने तो आकडा दोनदा म्हटला. "टनक हायत?"

"हात लावलेला नाही. ताईंनी चावी घेतलीय."

आता ती हसली. आवाज न करता, पण मला कळलं. "बरा झाला. ती चांगली हाय, बोलायला कडू पन चांगली." मग आवाज बदलला. "माझ्या आयनं मला दिलेली ती. माझ्या आयला तिच्या सासूनं. मी आता किती वर्सं खननार? मी गेल्यावर तूच लावशील, असा माझ्या मनात होता. म्हणून दिली. नायतर कुलूप लावून घरातच ठेवली असती, जगली असती तर जगली असती."

मी वही पुढे ओढली.

"आता ऐक. नवाचे नऊच लावलेस तर एखादा वेल किडीनं जाईल, एखादा रानडुकरं उकरतील, आणि संपला. एकेकाचे तीन कर."

"कापू?"

"मग काय पुजायची हायत? पन आता नाय. डोले फुगू दे. सालीवर हिरवं-तांबडं टोक वर येतंय की नाय, तेवढं दिसलं की काप. आधी कापशील तर झोपेत मरतील. आणि कोंब लांब गेल्यावर कापशील तर दम तिकडंच जाईल, तुकड्याला काय उरनार नाय. प्रत्येक तुकड्याला साल पाहिजे आणि डोला पाहिजे. राख लाव, दोन दिवस सावलीत ठेव, मग मातीत."

"तुम्ही येईपर्यंत थांबते ना, आत्ये. तुम्हीच कापा."

"मला डाक्टरनं धूळ-धूर बंद केलाय. पावसाशिवाय लेक सोडनार नाय. थांबू नको. तुझ्या हातानं गेली, तुझ्याच हातानं होऊ देत."

आणि मग, फोन ठेवायच्या आधी: "अंगठ्यानं बघू नको. डोल्यानं बघ."

एप्रिल अर्धा संपत आला आहे. मोठ्या जावेने चावी मला परत दिली, अट घालून: दिवसातून एकदा दार उघडायचं, उंबऱ्यावर उभं राहून बघायचं, आत पाऊल टाकायचं नाही. मी पाळते. पाठीमागे हात बांधून उभी राहते. पहिले काही दिवस माझ्या उजव्या अंगठ्याला अक्षरशः कळ यायची.

पाच दिवसांपूर्वी भिंतीकडच्या दोन डोक्यांवर तांबूस टोकं दिसली. काल चारांवर झाली. आज सकाळी पाचव्यावर दिसतं आहे असं वाटलं, पण तो उजेडाचा खेळही असू शकेल. महाडहून नवी सुरी आणली आहे. राख दोनदा चाळली आहे. आत्याच्या बांधावर सत्तावीस खड्डे दीर खणून गेला, तळाला पालापाचोळा घातला, कडेला रानडुकरांसाठी काटेरी फांद्या लावल्या. मोठी जाऊ रोज विचारते, "आज ना गो?" मी म्हणते, उरलेल्यांचेही डोळे येऊ देत, सगळी एकदमच करू. परवा ती म्हणाली, "पहिल्या दोघांचा कोंब बघ केवढा झाला. सगल्यांची वाट बघंत बसलीस तर ही दोघं हातची जातील." तिचं बरोबर आहे. ती दोन डोकी तरी कालच कापायला हवी होती.

आज दुपारी मी पाणी उकळत ठेवलं, सुरी त्यात बुडवली, पुसली, पाटावर ठेवली. पहिलं डोकं दोन्ही हातांनी, खालून, मातीसकट उचलून आणलं. तीन डोळे होते त्याला, तिन्ही वेगवेगळ्या बाजूंना. सुरी कुठून घातली तर तिन्ही तुकड्यांना एकेक डोळा येईल, हे मी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, मग कोळशाने पाटावर आकृती काढून बघितली. पाणी निवलं. पुन्हा उकळायला हवं होतं. मी डोकं उचललं, तसंच परत नेऊन पेंढ्यावर ठेवलं आणि दार लावून घेतलं.

नऊच्या नऊ अजून कापायची आहेत.